रात्री नऊ वाजताचं नेट: एका सोसायटीनं इंटरनेट आणि टीव्हीची कंपनी कशी निवडली

पार्श्वभूमी

तीन इमारती, ८४ घरं. सोसायटीचं नाव, माणसांची नावं, कंपन्यांची नावं देत नाही, बाकी जसं घडलं तसं सगळं लिहितोय, कारण हाच घोळ जवळपास प्रत्येक सोसायटीत कधी ना कधी होतो आणि प्रत्येक जण परत पहिल्यापासून सुरुवात करतो. मी तेव्हा कमिटीवर होतो, नेटचं काम माझ्याकडे आलं आणि ते पुढे सात महिने चाललं.

बारा वर्षं सगळ्यांकडे एकच कंपनी होती, हिला इथे 'जुनी' म्हणतो. काळी जाड केबल, तीच टीव्हीला, तीच फिरून नेटच्या मोडेमला. सुरुवातीला लोक खूश होते, बिल एक, माणूस एक, फोन केला की यायचा. मग बऱ्याच जणांचं घरून काम सुरू झालं, मुलांचे क्लास ऑनलाइन गेले, घराघरात वायफायवर चालणाऱ्या सात-आठ वस्तू झाल्या आणि तीच केबल कमी पडायला लागली.

त्याच सुमारास आणखी दोघं दारात आले. एक 'मोठी', फायबरवाली, जाहिराती सगळीकडे, तक्रार ॲपवर करायची. दुसरी 'धाकटी', तीसुद्धा फायबरवालीच पण याच भागातली, मालक स्वतः मीटिंगला येऊन बसला, हाताखाली मोजकी माणसं. शिवाय मोबाइलच्या टॉवरवरून चालणारं नेट होतं, ज्याला घरापर्यंत वायरच लागत नाही, आणि टीव्हीसाठी गच्चीवरची छत्री तर होतीच.

प्रॉब्लेम काय होता

ग्रुपवर रोज रात्री एकच मेसेज, 'नेट स्लो आहे, तुमच्याकडे चालू आहे का?' मग दहा जण स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट टाकायचे, एकाचा १८०, एकाचा ११, आणि त्यावरून वाद. कोणी मोबाइलवर बेडरूममधून टेस्ट केलेली, कोणी मोडेमशेजारी लॅपटॉपवर, कोणी सकाळी, कोणी रात्री, त्यातून काही निष्पन्न होणं शक्यच नव्हतं.

मला सगळ्यात आधी हे कळलं की 'नेट स्लो' म्हणजे प्रत्येक घरात वेगळं काहीतरी आहे. कोणाच्या आतल्या खोलीत रेंज नाही, कोणाचा पिक्चर मध्येच गोल फिरत थांबतो, कोणाला कॉलवर समोरचा दिसतो पण आपला आवाज जात नाही, आणि काही घरात नेट खरंच पूर्ण जातं. या चार दुखण्यांवर औषध चार आहेत आणि त्यातल्या पहिल्यावर कंपनी बदलणं हे औषधच नाही. कमिटीतले निम्मे लोक तेव्हा म्हणत होते की एवढं कशाला, जास्त स्पीडचा प्लॅन देणारी बघा आणि बदला. मी थोडे दिवस मागून घेतले, आणि या पूर्ण प्रकरणात आम्ही बरोबर केलेली सगळ्यात मोठी गोष्ट मी यालाच म्हणेन.

आधी मोजलं

नऊ घरं निवडली, प्रत्येक इमारतीतली तीन, खालचा मजला, मधला, वरचा. नियम ठरवला, टेस्ट वायर लावूनच करायची, वायफायवर नाही, दिवसातून तीनदा, सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ, दहा दिवस. आणि टेस्टच्या ॲपमध्ये आपोआप येणारा सर्व्हर घ्यायचा नाही, कारण तो बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्याच नेटवर्कमध्ये असतो, तिथपर्यंत नेट मस्त पळतं आणि आपल्याला लागतं ते त्याच्या पलीकडचं. लिहायचं काय, तर डाउनलोड, अपलोड, पिंग (म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि चौथा आकडा म्हणजे घरातलं दुसरं कोणी नेट जोरात वापरत असताना पिंग किती होतो. हा चौथा आकडा कुठल्याच जाहिरातीत नसतो, आमच्याकडे तोच निर्णायक ठरला.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं घर सविस्तर सांगतो. त्यांची मुलगी लांब राहते, रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल, आणि रोज काकांचा आवाज तुटत जायचा. काका म्हणाले, "अहो, २०० चा प्लॅन आहे माझा, अजून केवढा घेऊ?" मी मोडेमला लॅपटॉप जोडला तर ९४ एमबीपीएस. सकाळी ९४, दुपारी ९४, अगदी दोरी लावल्यासारखा तोच आकडा. असा ९४ वर अडकलेला आकडा दिसला की आधी वायरकडे बघायचं, कारण १०० एमबीपीएसच्या जोडणीतून टेस्टवर साधारण तेवढंच निघतं. वायरचं टोक उजेडात धरून बघितलं, पारदर्शक प्लगच्या आत आठ खाचा असतात, त्यातल्या चारातच रंगीत तारा होत्या, उरलेल्या चार तारा आवरणापाशीच कापून टाकलेल्या. १०० एमबीपीएसला चार तारा म्हणजे दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. कोणीतरी कधीतरी घाईत टोक बसवलं असणार आणि काका वर्षानुवर्षं अर्ध्या स्पीडचे पूर्ण पैसे भरत होते. वायर बदलली, दुपारी १९० आले. काकांनी तो आकडा वहीत लिहून घेतला, तारखेसकट.

पण रात्री नऊला कॉल परत तुटला! डाउनलोड तेव्हाही ८०-९० होतं, कॉलला ते भरपूर आहे. अपलोड बघितलं तर प्लॅनमध्ये १० लिहिलेलं, येत होतं दीड. चांगल्या व्हिडिओ कॉलला आपल्या बाजूने साधारण ३ ते ४ एमबीपीएस वर जावे लागतात. आणि नातवाच्या फोनवर फोटोंचा बॅकअप सुरू झाला की पिंग २० मिलीसेकंदावरून ४०० च्या वर. बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदाच्या आत असावा असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं (आयटीयू या दूरसंचार संस्थेचं जी.११४), इथे तर फेरीला ४०० च्या पुढे.

नऊपैकी सात घरात हेच दिसलं. दिवसा ठीक, रात्री डाउनलोड निम्म्यावर आणि अपलोड जवळजवळ संपलेलं. उरलेल्या दोन घरात लाईन तशी बरी होती, तक्रार फक्त वायफायची, एकाचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, दुसऱ्याचा टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटून. दोन्ही राउटर मोकळ्यावर आणले, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झमधला चॅनल १, ६ आणि ११ यापैकी शेजाऱ्यांकडे कमी वापरात असलेला लावला, बाकीची उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर नेली, काम झालं, त्यांना कंपनी बदलायची गरजच उरली नाही.

अपलोड का मरत होतं

हे मला नीट समजून घ्यायला वेळ लागला पण समजल्यावर निवड सोपी झाली. टीव्हीच्या केबलवर नेट येतं तेव्हा एकाच तारेत टीव्हीचे चॅनल, डाउनलोड आणि अपलोड असे सगळे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बसवलेले असतात. केबल मुळात खाली आणण्यासाठी टाकलेली, वर पाठवण्यासाठी तळाशी एक छोटी पट्टी राखलेली असते, जुन्या रचनेत ५ ते ४२ किंवा ५ ते ६५ मेगाहर्ट्झ एवढीच, आणि तीसुद्धा त्या नोडवरच्या, म्हणजे आसपासच्या घरांच्या केबली जिथे एकत्र येतात त्या पेटीवरच्या, सगळ्या घरांनी मिळून वापरायची. त्यात आणखी एक, कुठल्याही घरात कनेक्टर सैल असला की बाहेरचा आवाज, म्हणजे नॉइज, तिथून केबलमध्ये शिरतो आणि सगळ्या घरांचा नॉइज एकत्र होऊन वर जातो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा सैल कनेक्टर काकांचा कॉल तोडू शकतो. हे जुनीच्या टेक्निशियननं स्वतः सांगितलं, तो माणूस प्रामाणिक होता, म्हणाला, "साहेब, नोड वेगळा करून मागा, त्याशिवाय रात्रीचं काही सुधारणार नाही."

फायबरवरही नेट वाटलेलंच असतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं, 'फायबर म्हणजे तुमची स्वतंत्र लाईन' असं विकणारे सांगतात ते खरं नाही. घरगुती फायबरमध्ये सर्रास वापरली जाणारी जीपॉन पद्धत २००३ पासूनची आहे, तिच्यात एका मुख्य धाग्यावर खाली २.४८८ आणि वर १.२४४ जीबीपीएस असतात आणि तो धागा स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरात वाटतात. ३२ घरांनी एकाच वेळी पूर्ण जोर लावला तर वाट्याला साधारण ७७ एमबीपीएस येतात, ६४ असतील तर ३८. तसं प्रत्यक्षात जवळजवळ कधी होत नाही, पण स्प्लिट कितीचा आहे हा प्रश्न विचारायलाच हवा आणि अपलोडला खालच्या निम्मं तरी मिळतं हा मोठाच फरक.

पर्याय

चौघांनाही एकच प्रश्नावली लेखी दिली. स्प्लिट कितीचा, अपलोड किती, 'अनलिमिटेड' म्हणजे किती जीबीनंतर स्पीड कमी करता, राउटर कोणाचा आणि परत करावा लागतो का, लाईन तुटली तर किती तासात माणूस येतो, मध्येच सोडलं तर काय, आणि पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा घराचा स्वतंत्र नेटवरचा पत्ता, मिळेल का.

शेवटच्या प्रश्नावर कमिटीत लोक कंटाळले, पण एका ताईंच्या घरी आईवडिलांवर लक्ष ठेवायला कॅमेरा आहे आणि त्या ऑफिसमधून तो थेट उघडून बघतात, म्हणून मी तो सोडला नाही. आयपीव्ही४ ही नेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत, तिचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, त्यातले मोकळे गठ्ठे जागतिक पातळीवर फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले, तेव्हापासून बरेच ऑपरेटर अनेक घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यातला दिसला की समजायचं आपण त्याच्या मागे आहोत. अशा घरात बाहेरून थेट कॅमेरा उघडत नाही. धाकटीकडे सीजीनॅट होतं, मागितल्यावर स्वतंत्र पत्ता वेगळे पैसे घेऊन द्यायला मालक तयार होता. मोठीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) होतं पण स्वतंत्र आयपीव्ही४ घरगुती प्लॅनवर नाही म्हणाले.

जुनीनं उत्तर दिलं की नोड वेगळा करू, तारीख सांगता येत नाही. मोठीनं छापील माहितीपत्रक पाठवलं, त्यात आमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती. धाकटीच्या मालकानं हातानं लिहून दिलं, स्प्लिट ३२ चा, आणि 'माणूस ४ तासात' असं लिहून खाली सही केली. टॉवरवरच्या नेटचा स्पीड तिसऱ्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर जबरदस्त आणि पहिल्या इमारतीच्या तळमजल्यावर जवळजवळ नाही, त्यामुळे तो सगळ्यांसाठी पर्याय होऊ शकत नव्हता.

टीव्हीचं गणित वेगळं निघालं. केबल आणि छत्री दोन्हींवर टीव्हीला नेट लागत नाही, ही साधी गोष्ट लोक विसरतात. छत्रीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी असल्यासारखा असतो, सिग्नल केयू बँड नावाच्या उंच फ्रिक्वेन्सीचा, म्हणून मुसळधार पावसात चित्र फुटतं, थोड्या वेळानं येतं. नेटवरच्या टीव्हीला पाऊस लागत नाही, पण नेट गेलं की टीव्हीही गेला, आणि लाईव्ह मॅच मागे पडते. कारण व्हिडिओचे साधारण ६ सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि प्लेअर दोन-तीन तुकडे हाताशी ठेवूनच सुरू होतो, वर तयार करायला लागणारा वेळ, मिळून अर्ध्या मिनिटाचा फरक सहज पडतो. वरच्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्याकडे नंतर दिसतं. मॅच बघणाऱ्या घरांसाठी हा खराखुरा मुद्दा होता आणि त्यांनी तो तसाच मांडला.

निर्णय जिथे अडला

पहिली जागा, पूर्ण सोसायटीसाठी एकच करार करायचा का. मोठीनं ऑफर दिली, ८४ घरं एकदम आली तर प्लॅनमध्ये घसघशीत सूट, पण दोन वर्षं दुसऱ्या कुणाला इमारतीत वायर टाकू द्यायची नाही. मी सुरुवातीला या बाजूनं होतो. पैसे वाचत होते, आणि एकाच कंपनीशी बोलणं सोपं. अध्यक्षांनी विरोध केला, म्हणाले, "आज जुनीनं जे केलं तेच उद्या हिनं केलं तर आपल्या हातात काय राहणार?" बारा वर्षं एकाच कंपनीवर अवलंबून राहून तर इथवर आलो होतो. मी मत बदललं, ऑफर नाकारली, काही लोक नाराज झाले आणि त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, सूट खरी होती.

दुसरी जागा, वर्षाचे पैसे आधी भरायचे का. दोन्ही फायबरवाल्यांचा वर्षाचा भाव महिन्यापेक्षा बराच कमी. आम्ही सांगितलं की आधी दोन-दोन घरात महिन्याच्या प्लॅनवर चालवून बघू आणि त्या चारही घरात जुनीचं कनेक्शन तसंच ठेवू. दुहेरी पैसे सोसायटीनं भरले. या खर्चावरून मीटिंगमध्ये खूप बोलणं ऐकावं लागलं, पण आजही तोच पैसा सगळ्यात योग्य ठिकाणी गेला असं मला वाटतं.

तिसरी जागा टीव्ही. नेटसोबत टीव्ही फुकट अशी दोघांचीही ऑफर होती, आणि फुकट म्हटल्यावर बहुतेकांना केबल ताबडतोब सोडायची होती. इथे आम्ही काहीच ठरवलं नाही, ज्याचं त्यानं बघावं म्हणून सोडून दिलं. ही चूक झाली, पुढे येतंय.

केलं काय

चाचणी सहा आठवडे चालली, तेच तीन वेळांचं मोजमाप. रात्री नऊला दोन्ही फायबरवर डाउनलोड प्लॅनच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास, अपलोड जवळजवळ पूर्ण, आणि बॅकअप चालू असताना पिंग ४० च्या आत. आकड्यांवर दोघांत निवडायला काहीच नव्हतं.

फरक दिसला तो बिघाड झाला तेव्हा. धाकटीच्या एका घरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, नेट दिवसातून चार-पाचदा जायचं आणि फायबरच्या डब्यावरचा लाल दिवा लागायचा. मालक स्वतः मीटर घेऊन आला. प्रकाशाची पातळी उणे २८ डीबीएम (प्रकाशाचा जोर मोजायचं एकक, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). अशा डब्यांना साधारण उणे २७ पर्यंत चालतं, त्याखाली गेलं की लाईन सुटायला लागते. तो म्हणाला, "दादा, वायर तुटलेली नाही, कुठेतरी टोक चुकलंय," आणि जिन्यातली पेटी उघडली. हिरव्या टोकाच्या जोडात कोणीतरी निळं टोक घातलेलं. हिरव्याची काच ८ अंश तिरकी घासलेली असते, निळ्याची सपाट, दोन्ही एकमेकांना नीट भिडतच नाहीत आणि मध्ये प्रकाश वाया जातो. त्यानं टोक बदललं, पेनासारख्या क्लीनरनं काच पुसली, टक असा आवाज, परत मीटर लावला, उणे १९. नऊ डेसिबल म्हणजे जवळपास आठपट प्रकाश. पहिल्या फोनपासून अडीच तास लागले. मोठीच्या चाचणीतल्या घरात साधा राउटर बिघडला तर ॲपवर तीन तिकिटं आणि चार दिवस.

मग ग्रुपवर सगळे आकडे टाकले, दोन्हीकडचे, आणि प्रत्येक घराला आपलं आपण ठरवायला सांगितलं. शिफारस फक्त एवढी दिली की पहिले तीन महिने महिन्याचाच प्लॅन घ्या.

झालं काय

४७ घरं धाकटीकडे गेली, २२ मोठीकडे, ११ जुनीवरच थांबली, ४ टॉवरवरच्या नेटवर. टीव्हीसाठी ३१ घरांनी छत्री घेतली, २४ नेटवरच्या टीव्हीवर गेली, २९ जणांनी केबल ठेवली. काकांचा नऊचा कॉल आता शेवटपर्यंत चालतो. जुनी सोडणारी घरं एवढी झाली की त्या नोडवरची गर्दी आपोआप कमी झाली आणि उरलेल्या ११ घरांचंही रात्रीचं अपलोड सुधारलं, याचा विचार कुणीच केला नव्हता.

लाईट गेल्यावरही फरक कळला. आधी घरातला मोडेम बॅटरीवर चालू ठेवला तरी नेट नसायचं, कारण केबलच्या वाटेत रस्त्यावर ॲम्प्लिफायर असतात, त्यांनाही वीज लागते आणि त्यांची बॅटरी थोडाच वेळ टिकते. जीपॉनमधला स्प्लिटर निव्वळ काचेचा, त्याला वीजच नको, ऑपरेटरकडे बॅकअप आणि घरात राउटरला छोटी बॅटरी असली की झालं.

आता जे चुकलं ते. चौथ्या महिन्यात पलीकडच्या रस्त्यावर खोदकाम झालं आणि दोन्ही फायबर एकाच वेळी गेले, ३१ तास. आमची अशी समजूत होती की दोन कंपन्या आहेत म्हणजे एक गेली तर दुसरी असेल, शेजाऱ्याकडून वायफाय घेता येईल. दोघांच्या वायरी त्या रस्त्याला एकाच पाइपातून येत होत्या, हे आम्ही विचारलंच नव्हतं. धाकटीची माणसं रात्रभर रस्त्यावर जोडकाम करत होती, त्यांचं '४ तास' या प्रसंगी कागदावरच राहिलं पण मेहनतीत कमी पडले नाहीत. त्या ३१ तासांत फक्त जुनीची ११ आणि टॉवरवरची ४ घरं चालू होती. बाकी सगळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आले, टॉवरवर गर्दी झाली आणि त्या चार घरांचंही नेट रखडलं.

नेटवर टीव्ही घेतलेल्या २४ पैकी ६ घरं परत केबल किंवा छत्रीवर गेली. सहाही घरात वयस्कर माणसं दिवसभर एकटी. त्यांना चॅनलचा नंबर दाबला की चॅनल लागणं माहीत होतं, इथे आधी ॲप, मग प्रोफाइल, मग शोधायचं. एक आजी मला म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा टीव्ही काढून घेतलात." मी त्यांना काय बोलणार, खरंच होतं ते, निर्णय घेताना घरात सगळ्यात जास्त टीव्ही कोण बघतं हे आम्ही विचारलंच नाही.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट लिफ्टची. सोसायटीच्या ऑफिसचं जुनीचं कनेक्शन आम्ही बंद केलं, आणि दोन नंबर इमारतीच्या लिफ्टमधला इमर्जन्सी फोन त्याच मोडेमवर जोडलेला होता. बारा वर्षांपूर्वी कोणीतरी जोडलेला, कागद कुठेच नाही. लिफ्टच्या सर्व्हिसवाल्यानं टेस्ट कॉल केला तेव्हा कळलं, तोपर्यंत तीन आठवडे तो फोन मुका होता. त्या दिवसांत कोणी अडकलं नाही हे फक्त नशीब. मी ही गोष्ट मीटिंगमध्ये पूर्ण सांगितली आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली.

परत करायचं झालं तर

काहीही बंद करण्याआधी त्या लाईनवर काय काय लटकलेलं आहे याची यादी प्रत्यक्ष वायरीमागे चालत जाऊन करेन, लिफ्टचा फोन, गेटचा इंटरकॉम, कॅमेरे, गजर. जुनं कनेक्शन किमान दोन महिने चालू ठेवेन आणि बंद करायच्या आदल्या आठवड्यात एक रात्र मुद्दाम मोडेमचा प्लग काढून बघेन, जे काही बंद पडायचं ते आपल्या डोळ्यांसमोर पडेल.

कंपन्यांना 'बॅकअप आहे का' असं विचारणार नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. तुमची वायर कुठल्या खांबावरून, कुठल्या पाइपातून, कुठल्या रस्त्यानं येते ते नकाशावर काढून द्या असं म्हणेन आणि दोघांचे नकाशे एकावर एक ठेवून बघेन.

एकच करार नाकारला त्यावर मी आजही ठाम आहे, पण तेव्हा मोठीशी बोलणी तिथेच तोडायला नको होती. फक्त ती दुसऱ्यांना बंदी घालणारी अट काढून निम्म्या सवलतीवर बोलता आलं असतं, २२ घरांना त्याचा फायदा झाला असता. चाचणीतही एक उणीव राहिली, चारही घरं कमिटीतल्या लोकांची होती, त्यात एकही वयस्कर जोडपं नव्हतं, एकही असं घर नव्हतं जिथे टीव्ही हीच मुख्य गोष्ट. तसं एक घर जरी घेतलं असतं तर रिमोटचा प्रश्न दुसऱ्या दिवशीच समोर आला असता.

सध्या अशी परिस्थिती आहे की लिफ्टचा फोन मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या वेगळ्या डब्याला जोडलाय, त्याला स्वतःची बॅटरी आहे, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वॉचमन दादा टेस्ट कॉल करून वहीत वेळ लिहितात. धाकटीच्या मालकानं मागच्या बाजूच्या गल्लीतून दुसरी वाट आणायचं कबूल केलंय, तीन खांबांची परवानगी राहिली आहे. ती लाईन आली की परत दहा दिवस, नऊ घरं, रात्री नऊ वाजता मोजमाप करायचं ठरलंय, आणि या वेळी त्या आजींचं घर पहिलं आहे.